तोंडात टाचण्या

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका मोठ्या काचेच्या आत उभे आहात. पलीकडे रस्ता आहे, पण मध्ये वरून जाड पडदा सोडलेला, त्यामुळे तुम्ही कुणाला दिसत नाही. तुमच्या काखेत एक हात आहे, तो तुमचा नाही. मांडीला टेकून एक पाय उभा आहे, तोही तुमचा नाही. समोर एक गृहस्थ आहेत. त्यांचं डोकं पाठीच्या बाजूला फिरलेलं आहे आणि तरी ते हसताहेत. आणि तुमच्या ओठांत, एका ओळीत, टाचण्या धरलेल्या आहेत. म्हणजे शिंक आली तरी पंचाईत, हसू आलं तरी पंचाईत, आणि कुणी काही विचारलं तर नाकातून ‘हूं’ एवढंच म्हणता येणार. झाली कल्पना करून? बरं, आता आवंढा जपून गिळा. मुंगीचा बाबा कित्येक संध्याकाळी असाच उभा असायचा.

तयार कपड्यांच्या दुकानात तो कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे सदरे उलगडायचे आणि गिऱ्हाईक गेलं की घड्या घालायच्या, हे पगारातलं काम. पण दुकानाची दर्शनी काच, तिच्यातले पुतळे आणि त्यांचे कपडे, हे खरं त्याच्या हातचं काम, आणि ते दिवसा करता येत नसे. पुतळ्याचा एक सदरा काढून दुसरा घालायचा तर मधल्या वेळात पुतळा उघडा पडतो. आणि उघडा पुतळा पाहायला लोक थांबतात खरे, पण मग लाजून दुकानात शिरत नाहीत. म्हणून दुकान बंद झालं, की पडदा सोडायचा आणि काचेत चढायचं. आता गंमत बघा. पगार दुकान उघडल्यापासून दुकान बंद होईपर्यंतचा. म्हणजे ज्या कामाकडे बघून माणसं रस्त्यात थबकत, नेमकं तेच पगाराच्या बाहेर. मालकांना त्यात काही वावगं वाटत नसे. दुकान बंद आहे, मग काम कसं चालू असेल? ते रोज अर्धं शटर ओढून काचेपाशी येत आणि म्हणत, “जरा पाच मिनिटं थांब रे. तू काय परका आहेस का? घरचाच माणूस.” त्यांची ती पाच मिनिटं पातळ रस्स्यासारखी होती, कितीही पाणी घाला, भांडं भरतच राहायचं. म्हणून दुकानातली सगळी मंडळी मालकांना त्यांच्या पाठीमागे ‘पाचमिनिटे’ म्हणत. गिऱ्हाइकांची मापं घेणाऱ्या उंच, काटकुळ्या माणसाला ‘मीटर’ म्हणत. मालकांचं हे आडनाव त्यानंच शोधून काढलं होतं.

त्या संध्याकाळी मुंगीचा बाबा घरी आला, दारात वाकला, एक बूट काढला, दुसऱ्याच्या नाडीला हात घातला आणि तसाच राहिला. टेबलाखालून आवाज येत होता. टेबलाखाली मुंगीचं दुकान होतं. मुंगी म्हणजे त्याची मुलगी. हिला नाव मुंगी पडलं ते सतत काहीतरी तोंडात धरून घरभर ओढत नेण्याच्या सवयीमुळं. ती बाहुलीशी बोलत होती. “हे बघ, सगळे गेले. आता तू जरा पाच मिनिटं थांब हं. तू काय परकी आहेस का?” आवाजात इतकी माया होती, की त्याच्या पाठीवरून झुरळ गेल्यासारखं झालं. हा आवाज त्यानं घरात कधी आणला? सदऱ्याला चिकटून आला असेल. दोरे येतात, सुताचे पुंजके येतात, तसा हाही आला असेल खांद्यावर बसून. कारण ‘घरचा माणूस’ म्हणताना मालक नेहमी त्याच्या खांद्यावर हात ठेवत. पहिल्यांदा ठेवला तेव्हा काय वाटलं होतं! तो हात जड होता, उबदार होता, त्याला उंची अत्तराचा वास होता, आणि नव्यानं लागलेल्या त्या तरुण पोराला वाटलं होतं, की आपण या शहरात कुणाचे तरी झालो. घरी पळत जाऊन त्यानं बायकोला सांगितलंसुद्धा. बायको बिस्किटांच्या कारखान्यात होती. ती म्हणाली, “आमच्याकडे आम्ही कुणी घरचे नाही बाई. भोंगा झाला की हात वर. पट्ट्यावरचं बिस्किट अर्धं राहिलं तर अर्धं राहिलं.” तेव्हा त्याला तिची कीव आली होती. आणि आता त्याचा तो खांदा दुसऱ्यापेक्षा जरा खाली आला होता. हे खरं होतं की नाही कोण जाणे. पण आरशात बघताना तो मान तिरकी करायचा, म्हणजे दोन्ही सारखे दिसत.

“मुंगे,” एका बुटावर उभा राहून त्यानं विचारलं, “तुझी ती बाहुली थांबते, तिला थांबण्याचे काही पैसे मिळतात का?”

“छे! ती घरचीच आहे.”

“मग ती ‘नाही’ असं का म्हणत नाही?”

मुंगीनं टेबलाखालून बाहुलीच बाहेर धरली. “कशी म्हणेल बाबा? तिचं तोंड शिवलंय.”

बाहुली कापडाची होती, आईनं घरी केलेली. लाल दोऱ्याचे चार टाके म्हणजे तिचं हसू. हसू छान होतं. अगदी ‘हूं’ म्हणणाऱ्याचं हसू होतं. त्याची जीभ आपोआप ओठांच्या आतल्या बाजूनं फिरली. तिथं टाचण्यांचा गंजक्या लोखंडाचा स्वाद कायमचा मुरला होता. चहासुद्धा त्याला जरा खिळ्यासारखा लागे. आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं, ते इतकं साधं होतं की त्याला बसावं लागलं. तो बसला, बूट पायात तसाच. मालक कधी येतात? काचेत चढल्यावर. तेव्हा आपल्या तोंडात काय असतं? टाचण्या. “उद्या पण थांबशील ना?” – हूं. “सणाच्या खरेदीच्या आधी सगळीच काच बदलू, काय?” – हूं. “पैशाबिशाचं तू मनात आणत नाहीस, हेच मला तुझं आवडतं.” – हूं! त्यानं आयुष्यात एकदाही होकार दिला नव्हता. त्यानं फक्त टाचण्या गिळल्या नव्हत्या. आणि मुंगी त्याच्याकडे बघून शिकत होती; पण त्याच्यासारखं वागायला नव्हे. खेळात ती मालक झाली होती. हे एका अर्थी बरंच, पोर हुशार आहे, असं त्याच्या मनात आलं. आणि लगेच मनाची लाज वाटली. कारण मग बाबा कोण? बाबा ती दुसरी, चार टाक्यांची. उद्या तोंड उघडलं नाही, तर पोरीच्या डोक्यात जग असंच शिवलं जाईल: ज्याच्यावर माया करायची त्याला फुकट थांबवून घ्यायचं.

सकाळी दाढी करताना त्यानं आरशापुढं सराव केला. “मालक, संध्याकाळच्या तासांचं काय ते ठरवा.” ओठांवर फेस होता, तो तोंडात गेला. बायको मागून म्हणाली, “आधी धुऊन घ्या, मग ठरवा.” दिवसभर सदरे उलगडतानाही सराव चालू होता. एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला, “हे तास आपल्याला शोभून दिसतील.” गिऱ्हाइकानं सदरा खाली ठेवला. मधल्या सुट्टीत तो काचेमागच्या छोट्या दारातून आत डोकावला आणि पुतळ्यांपुढं बोलून पाहिलं. या पुतळ्यांना त्यानंच नावं दिली होती. मालकांनी घरचा माणूस केल्यावर घर तरी पूर्ण हवं. ऐटीत हनुवटी वर केलेला पुरुष पुतळा म्हणजे जावईबापू, कारण कायम नवे कपडे आणि काडीचं काम नाही. कमरेवर हात ठेवलेल्या वहिनी. आणि डोकं नसलेल्या आत्याबाई, ज्या तरीही सगळ्यांत जास्त बोलत असाव्यात असं वाटे. जावईबापूंनी त्याचं म्हणणं हनुवटी वर करून ऐकलं. त्याला वाटलं, यांच्या अंगावर आपण किती संध्याकाळी चढवल्या. मुंगी पहिल्यांदा पालथी पडली ती संध्याकाळ जावईबापूंच्या कुठल्या तरी कोटात होती. तिला दात आला ती वहिनींच्या निळ्या ओढणीत. ते कोट विकले गेले, ओढणी विकली गेली. कुणीतरी आता ते घालून हिंडत असेल आणि त्याला कल्पनाही नसेल, की अस्तरात एका परक्या पोरीचा पहिला दात आहे.

दुकान बंद झालं. मीटर टोपी घालत हळूच म्हणाला, “आज बोलणार ना? मी इथंच बुटाची नाडी बांधत बसतो.” अर्धं शटर खाली आलं. मुंगीचा बाबा काचेत चढला, पडदा सोडला, जावईबापूंचा हात काढला, सदरा चढवला, हात परत बसवला, कोट घातला, टायची गाठ मारली. आणि मालकांची चाहूल लागली तेव्हा त्याला कळलं, की सवयीनं टाचण्या ओठांत गेल्याच आहेत.

“वा!” छोट्या दारातून डोकं आत घालून मालक म्हणाले. “काय कोट दिसतोय! अरे, मी म्हणत होतो, आता हंगाम आलाय, तर रोजच जरा पाच मिनिटं…”

“हूं,” तो म्हणाला. नाकातून, नेहमीसारखं. मालक डोकं बाहेर काढू लागले. आणि तो ‘हूं’ अजून काचेत घुमत होता, त्याला तो परक्या माणसाच्या आवाजासारखा ऐकू आला, चार टाक्यांच्या तोंडातून आल्यासारखा. त्यानं ओठांतून एक टाचणी काढली आणि जावईबापूंच्या बाहीत खोचली. मग दुसरी. मालक थांबले. माणूस तोंडातून शांतपणे टोकदार वस्तू काढू लागला की कुणीही थांबतो. सगळ्या टाचण्या निघाल्यावर तोंड इतकं मोकळं झालं, की त्याला जीभ कुठं ठेवायची सुचेना, आणि दिवसभर घोकलेलं सगळं सोडून तो म्हणाला, “अहो पाचमिनिटे–”

शटरपाशी नाडी बांधणाऱ्या मीटरला जोराचा खोकला आला.

“कोण पाचमिनिटे?” मालकांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. “इथं कोणी पाचमिनिटे आलेत?”

“रोज येतात,” मुंगीचा बाबा म्हणाला. एकदा घसरलेला पाय पुढंच जातो. “मालक, संध्याकाळचे तास धरा. मी दुकान बंद झाल्यावर थांबतो, त्याचे.”

मालक दुखावले. खरोखर दुखावले, नाटक नव्हतं ते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. “अरे, घरच्या माणसात असं? तू घरी बायकोनं चहा दिला की तिच्या हातावर पैसे ठेवतोस? आणि हे काम कुठलं रे, ही तर तुझी हौस! तुझे डोळे बघ कसे चमकतात कोट घालताना. शिवाय दुकान बंद आहे. बंद दुकानात काम असतं कधी?” हे इतकं चोख होतं, की क्षणभर त्याला पटलंच. डोळे चमकत होते हेही खरं. ते चमकतात म्हणून ते फुकट? म्हणजे जो रडतरडत काम करेल त्यालाच पगार? हा विचार त्याला एवढा नवा वाटला, की तो जावईबापूंना सांगावा असं वाटलं. पण जावईबापूंना अजून विजार घालायची होती. विजार त्याच्या हातात होती. आणि त्याच्या डोळ्यांपुढं कुठूनसं ते पट्ट्यावर अर्धं राहिलेलं बिस्किट आलं. कीव आली होती त्याची कधीकाळी. काय रुबाबदार बिस्किट होतं ते.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “दुकान बंद, तर मीही बंद.” त्यानं विजारीची व्यवस्थित घडी घातली, वहिनींच्या हातावर ठेवली आणि दारातून बाहेर उतरला.

“अरे, हे असं अर्धवट ठेवून? जातोस?”

“हूं,” तो म्हणाला. या वेळी तोंडात काही नव्हतं.

रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि सकाळी जाग आली ती एकच गोष्ट मनात घेऊन. नोकरी गेली, हे नक्की. मुंगीला शाळेत पोचवायची वाट नेमकी दुकानावरून जायची. त्यानं दुसरी वाट धरली, तर मुंगीनं हात ओढला, “बाबा, वाट चुकलास.” लांबूनच गर्दी दिसली. दुकान उघडायला अवकाश होता, पण झाडणाऱ्या मावशींनी रोजच्याप्रमाणे काचेचा पडदा वर केला होता, आणि मग मालक येऊन त्यांनी तो घाईघाईनं खाली सोडला होता, इतक्या घाईनं, की तो मध्येच अडकला. वरच्या अर्ध्या काचेत तो जावईबापूंचं हसू, कोट आणि टाय झाकून होता. खालच्या अर्ध्या काचेत दोन उघडे, गुळगुळीत, वार्निश केलेले पाय दिसत होते. आणि त्यांच्याभोवती पायजम्यातले आणखी दोन पाय गरागरा फिरत होते. ते कधी गुडघ्यावर येत, कधी चवड्यावर उभे राहत. शाळेची पोरं काचेला नाक लावून होती. एक आजी म्हणाल्या, “जाहिरातीसाठी काय काय करतात मेले.”

तो हसला नाही. त्याची बोटं शिवशिवली. उभ्या पुतळ्याला विजार चढत नाही. आधी कमरेतून वरचा भाग उचलावा लागतो. मालक ती पायांकडून ओढत होते. खिडकीतून कुणी आपल्या घरातलं भांडं आपटताना बघावं तसं त्याला झालं. तो मुंगीचा हात धरून मागच्या बाजूनं आत गेला. मीटर आधीच आला होता, छोट्या दाराशी उभा राहून आतल्या माणसाला काहीच मदत न करण्याची शिकस्त करत होता. मुंगीच्या बाबानं आत डोकं घातलं. मालकांच्या दोन्ही हातांत जावईबापूंचा एकेक पाय होता, काखेत विजार होती. आणि त्याला रोज करताना बघितलेलं म्हणून, किंवा हातच रिकामा नव्हता म्हणून, त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. पूर्ण ओळ. त्याला बघताच त्यांचे डोळे पाण्यानं भरले.

“हूं! हूं हूं!” मालक म्हणाले.

“मी घालतो,” तो म्हणाला. “पण अजून दुकान उघडलेलं नाही. बंद दुकानात काम नसतं. की असतं?”

“हूं.”

“मग संध्याकाळचं पण असतं?”

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. बाहेर पोरांनी काचेवर टकटक केली. “हूं,” ते म्हणाले.

“त्याचे पैसे धरायचे? आजपासून?”

“हूं.”

“ऐकलं,” मीटर म्हणाला.

“आणि मागचे?”

यावर मात्र मालकांनी थुंकून टाचण्या विजारीत पाडल्या आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात सांगितलं, “मागचं आपण सवडीनं बोलू.” टाचण्या काढायला किती थोडा वेळ लागतो, हे त्यानं पहिल्यांदाच बाहेरून बघितलं. मग मालक स्वतः धावत गेले आणि शटर वर केलं, म्हणजे निदान हे काम तरी पगारातलं. त्या दुकानाच्या आयुष्यात ते वेळेआधी उघडलं ते फक्त त्या सकाळी. मुंगीच्या बाबानं बाह्या सरसावल्या, जावईबापूंना कमरेत मिठी मारून उचललं, तेव्हा मागून कुणीतरी सदरा ओढला.

“बाबा, शाळा.”

“जरा पाच मिनिटं थांब हं,” तो म्हणाला.

आणि त्यानं स्वतःलाच ऐकलं. मायाळू होता आवाज, उबदार होता. खांद्यावर हात ठेवावा तसा. मुंगी वर बघत होती. तिच्या तोंडात दप्तराचा पट्टा होता. त्यानं जावईबापूंचा वरचा भाग अलगद मालकांच्या मिठीत दिला. “धरा. मुलीला शाळेत सोडून येतो.” आणि तो गेला. परत येईपर्यंत मालक तसेच, कोट आणि टाय घातलेल्या अर्ध्या जावयाला कवटाळून, पडद्याआड उभे होते. तो धावत गेला आणि धावत आला, हे खरं. पण मध्ये एकदा, कोपऱ्यावर, मुद्दाम जरा हळू चालला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको टेबलापाशी फुटक्या बिस्किटांची पिशवी मोकळी करत होती. कारखान्यातून फुटकी बिस्किटं मिळत, ती या घरात नेहमी असत. त्यानं सगळं सांगितलं. ‘मागचं सवडीनं’ इथं आल्यावर ती म्हणाली, “सवड म्हणजे काय, तेही एकदा तोंडात टाचण्या नसताना विचारा.” मग तिला पसारा दिसला. टेबलाखालून चिंध्या, डबे, बटणं सगळीकडे पसरली होती. “मुंगे, खेळ संपला ना? मग जरा पाच मिनिटांत हे आवरून टाक बघू. घरचंच काम आहे.”

टेबलाखाली बटणं खडखडली. मग मुंगीचं डोकं बाहेर आलं. “दुकान बंद झालंय,” ती म्हणाली. “आवरायचे पैसे वेगळे. हो ना बाबा?”

आईनं बाबाकडे पाहिलं. बाबाच्या तोंडात बिस्किट होतं, अख्खं. त्याला हो म्हणावं की नाही म्हणावं ते कळेना, आणि बोलता तर येतच नव्हतं.

“हूं,” तो म्हणाला.

आई हसू दाबत म्हणाली, “घ्या आता!” आणि एक फुटकं बिस्किट मुंगीच्या पुढं केलेल्या हातावर ठेवलं. मुंगीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. मग टेबलाखाली गेली, बाहुलीला मांडीवर घेतलं आणि बिस्किटाचा मोठा तुकडा तिच्या लाल टाक्यांपाशी धरला.

“हे मागचं,” ती म्हणाली. मग उरलेला छोटा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून ती बटणं वेचू लागली.